बुरूज आणि बोका

आमच्या घरात दोन गोलकीपर राहत होते. दोघांपैकी एकानंही आमचा उंबरा कधी ओलांडला नव्हता, पण दोन्ही वेळच्या पंगतीला ते हजर असायचे, आणि त्यांच्यापायी वाढलेली आमटी पानात निवून जायची.

एकाला म्हणायचे बुरूज, दुसऱ्याला बोका. ही काही त्यांच्या आईबापांनी ठेवलेली नावं नव्हेत. मुंबईच्या ज्या कॉलेजात माझा दादा शिकला, तिथल्या हॉकीवेड्या पोरांनी ती ठेवली होती. बुरूज हा दादाच्या वेळचा. बोका आत्ताचा, म्हणजे माझा चुलतभाऊ त्याच कॉलेजात शिकत होता त्याच्या वेळचा. दादा बुरुजाच्या बाजूचा, चुलतभाऊ बोक्याच्या. दोघांनीही आयुष्यात हॉकीची काठी धरली असेल ती फक्त दुसऱ्याची, तो बुटाची नाडी बांधेपर्यंत. पण भांडायला काठी लागत नाही.

आमचं घर काशीदच्या अलीकडे, एका लहानशा खाडीच्या तोंडाशी. मागे सुपारीची वाडी, पुढे अंगण, अंगण संपलं की खाडी. घराच्या एका अर्ध्यात आम्ही, दुसऱ्यात काका-काकू. हिंदुस्थानच्या हॉकी संघानं ऑलिंपिकात दुसऱ्यांदा सोन्याचं पदक मिळवलं, त्याच वर्षाच्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. ते पदक देशाला मिळालं असेल, पण त्याचा ताप आम्हाला झाला. आधी हे दोघे नुसते तोंडानं भांडायचे, ते आता अंगणात करून दाखवू लागले. सुपारीच्या झावळीचं रुंद बूड, ज्याला आम्ही विरी म्हणतो, ते नडग्यांना बांधायचं, की झाले गोलकीपरचे पॅड. चेंडू म्हणून नारळाची बोंडं. आईनं सारवलेल्या अंगणात चुलतभाऊ बोक्यासारख्या उड्या मारायचा आणि दादा बुरुजासारखा निश्चल उभा राहायचा. बुरूज होणं सोपं होतं, त्यामुळे दादाची धोतरं तरी स्वच्छ राहिली.

"उडी कोण मारतो?" दादा विचारायचा. "ज्याला उशीर झालाय तो. वेळेवर बंदरावर पोचलेला माणूस कधी धावतो का?"

"बुरूज हलत नव्हता, कारण त्याला हलता येत नव्हतं," चुलतभाऊ म्हणायचा. "तुझ्या वेळी चेंडूच सावकाश जात असेल, दादा."

"तू पाहिलायस का त्याला?"

"तू पाहिलायस का बोक्याला?"

इथे चुलतभावाची सरशी व्हायची. कारण बोका म्हणे त्याचा जिगरदोस्त होता. रोज संध्याकाळी दोघे एका बशीतून चहा प्यायचे. बोक्याच्या डाव्या पायाच्या गोष्टी तर आम्ही इतक्या ऐकल्या होत्या, की मला माझ्या मामेभावंडांचे चेहरे आठवत नसत पण तो डावा पाय डोळ्यांपुढे यायचा. बोका चेंडू अडवतो तो नेहमी डाव्या पायानं, आणि अडवला की समोर ढकलत नाही, समोर शत्रू उभा असतो. अंगठ्यानं हलकेच उजवीकडे सारतो. अर्ध्या गावाला हे पाठ होतं. काकूंची तर अशी समजूत होती की हे दोघे आपल्याच नात्यातले कुणीतरी आहेत. "त्या बोक्याला सांगा रे, थंडीत इतकं जमिनीवर लोळू नकोस म्हणावं," असं त्या खरोखर कळवळून म्हणायच्या. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा प्रश्न एकच असे: "दोघांतला परीक्षा कोण पास झाला, तेवढं सांगा." मग दोघांनाही एकदम आमटी हवी असायची.

त्या वर्षी भांडणाला एक नवं खाद्य मिळालं होतं. कॉलेजांच्या स्पर्धेचा शेवटचा सामना बोक्याचं कॉलेज हरलं होतं, अगदी अखेरच्या क्षणी खाल्लेल्या गोलानं. आता हॉकीत गोलापुढे एक अर्धवर्तुळ आखलेलं असतं. त्याच्या बाहेरून मारलेला चेंडू सरळ गोलात गेला, तरी तो गोल धरत नाहीत. अर्धवर्तुळाच्या आत चढाई करणाऱ्या बाजूच्या कुणाची तरी काठी त्याला लागावी लागते. हे मला कसं माहीत, असं विचारू नका. मला श्रीसूक्त येत नव्हतं, पण हे येत होतं. तर चेंडू बाहेरून आला, बोक्यानं तो पाहिला, आणि पाहुण्याला वाट द्यावी तसा पाय बाजूला घेऊन जाऊ दिला. अंपायरनं गोल दिला. आत एकाच्या काठीला तो लागलाय, असं त्याचं म्हणणं.

"घाबरला!" दादा म्हणायचा. "डोळे मिटले त्यानं. चाळणी आहे नुसती, चाळणी! बुरूज असता तर बाहेरचा असो की आतला, चेंडू अडवलाच असता."

"अंपायर लबाड होता," चुलतभाऊ ओरडायचा.

दादानं तो सामना पाहिलासुद्धा नव्हता. चुलतभावानंच त्याला सांगितला होता, आणि आता तो त्याच्यावरच उलटला होता.

या सगळ्यात मी सतरा वर्षांची झाले होते. तेव्हाच्या हिशेबानं घोडनवरी. मला पाहायला आधी येऊन गेलेल्यांपैकी कुणाला मी उंच वाटले, कुणाला सावळी. पेणचं एक स्थळ मात्र निव्वळ दादामुळे गेलं. मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, मुलीचे भाऊ काय करतात. तर दादानं वकिलीच्या परीक्षेत दोनदा नापास झाल्याचं सोडून त्यांना बुरुजाचे सामने सांगायला घेतले. ते गृहस्थ पानसुपारीलाही थांबले नाहीत. म्हणून बोर्ली पंचतनचं स्थळ येणार असं ठरलं, तेव्हा आप्पांनी दोघांना ओटीवर उभं करून बजावलं, "पाहुणे आहेत तोवर या घरात हॉकीचं नाव निघायचं नाही. ज्याच्या तोंडून निघेल त्याचं पान उचललं जाईल."

पाहुणे सकाळच्या भरतीला दिघीहून होडीनं आले. मुलगा आणि त्याचे मामा. मुलाला वडील नव्हते, मामांनीच वाढवलेला. मामा बोलके आणि मुलगा अबोल. आमच्याकडे पद्धत अशी, की मुलाविषयी जे बोलायचं ते थोरल्यांनी बोलायचं, मुलानं सतरंजीच्या नक्षीकडे पाहायचं. त्यामुळे मामा सांगत होते, मुलगा मुंबईला बी.ए.ला आहे, अभ्यासू आहे, संध्याकाळीसुद्धा खोलीबाहेर पडत नाही. "आजकालच्या पोरांसारखा खेळबिळ, उनाडक्या, काही नाही हो." आप्पांनी समाधानानं मान हलवली आणि दादाकडे न पाहता म्हणाले, "आमच्याकडेही तसलं काही नाही."

मी माजघराच्या दाराआडून पाहत होते. मुलीनं असं पाहू नये, पण मग दाराला फट ठेवू नये. मुलगा काही मदनाचा पुतळा नव्हता. भुवईवर जुन्या जखमेची खूण, एक बोट जरा वाकडं. दादानं पानसुपारीचं तबक पुढे केलं, ते कललं, आणि त्यातली एक अख्खी सुपारी सुटून ओटीच्या कडेकडे गडगडत निघाली. मुलगा मांडी घालून बसला होता, मामांकडे पाहत. त्यानं मान वळवली नाही. त्याचा डावा पाय मांडीतून बाहेर आला, सुपारी त्याच्यापुढे थांबली, आणि अंगठ्यानं ती हलकेच उजवीकडे सारली. मग पाय परत मांडीत गेला. सगळं इतकं पटकन झालं, की ओटीवर कुणाच्या लक्षातही आलं नाही.

माझ्या हातातली पोह्यांची बशी मी खाली ठेवली.

बोका आमच्या ओटीवर बसला होता. ज्याच्याबरोबर एका बशीतून चहा पितो असं सांगता सांगता माझ्या चुलतभावाची जीभ झिजली, तो त्याच्यापासून हातभर अंतरावर होता आणि चुलतभाऊ त्याला विचारत होता, "मुंबईत आपण कुठल्या बाजूला राहता?" मुलगा म्हणाला, "गिरगावात," आणि त्याला निरखून पाहिलं. म्हणजे चुलतभावानं सामने नुसते ऐकूनच सांगितले होते, आणि मुलानंही त्याला कधी पाहिलेलं नसणार.

पुढचा अनर्थ भिंतीवरच्या फोटोनं केला. आप्पांनी हॉकीचं नाव बंद केलं, पण फोटो उतरवायचा राहिला. कॉलेजचा संघ त्यात ऐटीत बसला होता, आणि दादा कडेला उभा होता, कुणाचा तरी कोट घडी करून हातात घेतलेला. मामांनी विचारलं, "हे कोण?" विचारल्यावर उत्तर द्यायलाच हवं. दादानं आप्पांकडे पाहिलं, आप्पांनी आढ्याकडे पाहिलं. "हा मधला," दादा म्हणाला, आणि एकदा बोट त्या बुरुजावर टेकल्यावर ते काही खाली आलं नाही. बुरूज कसा उभा राहायचा, कसा चेंडूच त्याला भ्यायचा, सगळं. नाहीतर आताचा तो बोका! शेवटच्या सामन्यातला तो गोल कसा खाल्ला, कसे डोळे मिटले! चाळणी!

चुलतभाऊ किती वेळ गप्प राहणार? तोही उठला. "माझ्या दोस्ताला चाळणी म्हणायचं काम नाही!"

मामांचा चेहरा मी पाहिला. तो आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्यांना वाटलं, यांना सगळं ठाऊक आहे. मुलगा हॉकी खेळतो हे आपण लपवलं ते यांनी ओळखलं, आणि आता घरी बोलावून तोंडावर टिंगल चालवलीय. पण तसं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं असतं तर लपवल्याची कबुली झाली असती. ते नुसते फुगत गेले. आणि ज्याला चाळणी म्हणत होते, तो मन लावून ऐकत होता. मधूनच गालात हसायचा, जणू दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट चाललीय.

त्या हसण्याला मी भुलले, हे आज लपवून काय करायचं? माणसाला तोंडावर कुणी चाळणी म्हणावं आणि त्यानं पोहे मागून घ्यावेत, असा माणूस मी आमच्या घरात पाहिला नव्हता. आमच्याकडे आमटीला मीठ कमी म्हटलं तरी दोन दिवस अबोला असे. मला हाच नवरा हवा होता. आणि तो दादा माझ्या डोळ्यांदेखत घालवत होता.

मामा उठलेच. "आम्ही निघतो," म्हणाले. मुलगी पाहिल्याशिवाय! आप्पा विनवण्या करत मागे, मामा तरातरा खाडीपर्यंत. तिथे होडीवाला काठावर आडवा पडून विडी ओढत होता.

"आता कुटं जाताव? पानी उतरला. होडी चिखलान बसली हाय. रातचे भरतीला मी होडी काडत न्हाय, आता उद्या सकालचे भरतीला."

मामांनी खाडीकडे असं पाहिलं, जणू तीही आम्हालाच सामील आहे. पण रागावलेल्या माणसालाही गुडघाभर चिखलातून दिघीला जाता येत नाही. ते परत आले, हातपाय धुतले, आणि आमच्याच घरी जेवले. राग आहे, पण पाहुणचार घ्यावा लागतोय, अशा माणसाला वाढणं फार कठीण असतं. "भात?" म्हटलं की "नको" म्हणायचे आणि पान पुढे सरकवायचे.

दुपारनंतर नुसतंच बसून काय करायचं, म्हणून मला दाखवण्याचा कार्यक्रम झाला. सगळ्यांना ठाऊक होतं की ही वेळ घालवणं आहे. मी पाटावर बसले. मामांनी दिवाणी दाव्यातल्या साक्षीदाराला विचारावं तसं विचारलं. स्वयंपाक येतो का, येतो. मासे साफ करता येतात का, येतात. वाचायला येतं का, येतं. आता हे उठतील, आणि हा मुलगा सतरंजीच्या नक्षीकडे पाहत पाहत निघून जाईल. शेवटी मामा रीतीप्रमाणे म्हणाले, "तुला काही विचारायचंय का, मुली?"

या प्रश्नाला उत्तर नसतं. मुलीनं मान हलवायची, नाही म्हणून, आणि नमस्कार करून आत जायचं. मला आईनं दहादा पढवलं होतं.

"विचारायचंय," मी म्हटलं, आणि मुलाकडे पाहिलं. "तो शेवटचा चेंडू आत कुणाच्या काठीला लागला होता का?"

आईनं पदर तोंडात धरला. आप्पांना वाटलं मला भ्रम झाला. दादा म्हणाला, "कुठला चेंडू?" चुलतभावाच्या मात्र हळूहळू डोक्यात शिरलं. तो उठला, मुलाच्या पायांकडे पाहिलं, परत खाली बसला, आणि मग बसल्या जागीच जितकं लहान होता येईल तितका लहान झाला.

मुलानं पहिल्यांदाच मान पूर्ण वर केली.

"लागला होता," तो म्हणाला. "अगदी निसटता. मला दिसलं, पण तोवर मी पाय बाजूला घेतला होता. अंपायरचं काही चुकलं नाही. आणि डोळे उघडे होते माझे. मिटले असते तर बरं झालं असतं, निदान दिसलं तरी नसतं."

तो बोका आणि हा जावई होऊ घातलेला पाहुणा एकच, हे दादाच्या गळी उतरायला वेळ लागला. उतरल्यावर तो म्हणाला, "तरी बुरूज असता तर—"

"खाली बस," आप्पा म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं!" मामा गरजले.

"आम्हाला? आम्हाला आत्ता कळतंय," आप्पा म्हणाले. "तुम्हीच म्हणालात, खेळबिळ काही नाही."

मग मामा माझ्यावर घसरले. मुलगी धीट आहे म्हणाले. धीट म्हणजे आगाऊ, हे तिथल्या पाटालाही कळलं.

संध्याकाळी दादानं आपल्या परीनं प्रायश्चित्त घेतलं. वाढायला स्वतः उभा राहिला आणि सुरमईच्या सगळ्या तुकड्या बोक्याच्या पानात घातल्या. मामांना नुसता रस्सा आला, त्यामुळे प्रकरण आणखी बिघडलं. चुलतभावाला पोटात दुखत असल्याचा निरोप काकूंच्या घरून आला. काकू मात्र मुलासमोर येऊन बसल्या आणि आपुलकीनं म्हणाल्या, "तूच का रे तो बोका? लोळू नको हो थंडीत." त्यांना त्याच्या येण्याचं मुळीच नवल वाटलं नव्हतं.

सकाळी भरती आली. मला काठावर जायची मुभा नव्हती, पण वाडीच्या कुंपणाला कुणी बंदी केली नव्हती. मामा होडीत बसले आणि आप्पांना म्हणाले, "पत्रानं कळवतो." हे पत्र कधी येत नसतं, हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आप्पांचे खांदे उतरले. मी कुंपणाच्या मागे होते आणि मला रडू येत होतं. लाजेचं नव्हे. खरंखुरं, हातातलं कुणी हिसकावून घ्यावं तसलं.

मुलाचा एक पाय होडीत होता, एक अजून पाण्यात.

"मामा," तो म्हणाला, "पत्र कशाला? माझी पसंती आहे."

"तू कोण पसंत करणारा?" मामा म्हणाले.

आप्पांनाच राहवलं नाही. "नवरामुलगा," ते हळूच म्हणाले.

मामा उठून उभे राहिले. होडी हलली, म्हणून परत बसले. मग त्यांनी भाषण सुरू केलं. लहानाचा मोठा केला इथपासून ते मुलींनी कसं बोलावं इथपर्यंत येणार होतं ते. पण होडीवाल्याला त्या दिवशी दिघीला परत जायचं होतं.

"काय ते बिगीबिगी ठरवा. पानी तुमचेसाटी थांबाचा न्हाय. नाय तर आजबी ऱ्हावा हितंच."

आणखी एक दिवस! मामांच्या डोळ्यांपुढे बहुतेक तो रस्सा आला असावा. त्यांनी आमच्या घराकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, भाच्याकडे पाहिलं. तो अजून तसाच, एक पाय पाण्यात ठेवून उभा होता, आणि तो हलण्याचं चिन्ह दिसेना.

"साखर आणा," मामा म्हणाले, "आणि लवकर आणा."

साखर आणायला दादा धावला. बुरुजाचा भक्त असून धावला. वाटी घेऊन तो मांडीभर पाण्यात शिरला, आणि माझ्या लग्नाची साखर मामांनी होडीतच तोंडात टाकली. निघता निघता दादा बोक्याला सांगत होता, की पाय जरा आणखी वेळ तसाच ठेवला असता तर तो गोल झाला नसता.

लग्न माघात झालं. मुंबईला बिऱ्हाड केल्यावर एका संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "मामांपुढे कधी तोंड उघडलं नाहीत, आणि माझ्यासाठी कसं उघडलंत? काय पाहिलंत माझ्यात?" मला वाटलं, डोळे म्हणतील. निदान सुरमईचं कालवण तरी.

ते म्हणाले, "वर्षभर अख्खं कॉलेज त्या गोलावरून भांडत होतं. माझ्याच खोलीत, माझ्याच खाटेवर बसून भांडायचे. मी घाबरलो म्हणणारे होते, अंपायरला शिव्या देणारे होते. मला कुणी विचारलं नव्हतं."